कुणाच्या शब्दावर आत घ्यायचं?



पत्रिकेतला आजचा विषय वाचून काही जणांच्या कपाळावर आठी पडली असेल. व्याख्यानमालेत सहकार चळवळ असते, संतसाहित्य असतं, एखादा इतिहासाचा वाद असतो. ‘फाइलींची देवाणघेवाण करणारा प्रोग्राम वेगवेगळ्या संगणकांवर कसा बसवावा’ हा काय व्याख्यानाचा विषय झाला? हे काम शेजारचा इंजिनीयर मुलगा चहा होईपर्यंत उरकून देतो. मी तो घेतला त्याचं कारण हेच. चहा होईपर्यंत उरकलेल्या कामात आपण कशाकशाला ‘हो’ म्हटलं, हे नंतर कुणी विचारत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते व्यवसायाने मुद्रक. खिळे जुळवण्यापासून डीटीपीपर्यंत सगळं त्यांनी पाहिलं. शेवटच्या काळात त्यांच्याकडे लेखकांचा मजकूर कागदावर यायचा बंद झाला. तो पेनड्राइव्हवर येई, आणि त्याच पेनड्राइव्हवरून न मागितलेले पाहुणेही येत. त्यामुळे हा विषय त्यांना परका वाटला नसता.

संगणकावर आपण गणकयंत्राचा प्रोग्राम बसवतो, पत्त्यांचा खेळ बसवतो. फाइली देणारा-घेणारा प्रोग्राम त्यांच्यापेक्षा वेगळा असतो. तो आपले फोल्डर वाचतो आणि त्याच वेळी नेटवर्कवर कान लावून बसतो. घरातली कपाटं आणि घराचा दरवाजा, दोन्हींच्या किल्ल्या एकाच माणसाच्या हाती द्याव्यात तसा हा व्यवहार आहे. म्हणून तो बसवताना विचारायचा प्रश्न एकच: मी याला कुणाच्या शब्दावर आत घेतो आहे?

या प्रोग्रामांचा इतिहास फार जुना नाही. १९९९ साली बॉस्टनमधल्या शॉन फॅनिंग नावाच्या विद्यार्थ्याने नॅपस्टर आणला. गाणी एकमेकांच्या संगणकांवरून थेट घेतली जात. कुणाकडे काय आहे याची यादी मात्र नॅपस्टरच्या सर्व्हरवर असे. त्या यादीमुळेच तो कोर्टात सापडला आणि २००१ मध्ये बंद पडला. पुढे यादी एका ठिकाणी न ठेवणारे प्रोग्राम आले. त्यांतला काझा आपल्याकडच्या सायबर कॅफेंतही दिसायचा. तो फुकट होता, आणि त्याच्या इन्स्टॉलरमधून जाहिराती दाखवणारे, तुमच्या हालचाली टिपणारे इतर प्रोग्राम गुपचूप उतरत. करारनाम्यात त्यांचा उल्लेख असे, पण तो करारनामा वाचतो कोण? शेवटी कुणीतरी काझामधली ही भर काढून टाकून ‘काझा लाइट’ वाटायला सुरुवात केली. मूळ कंपनीने दिलेला प्रोग्राम धोक्याचा आणि अनोळखी माणसाने छेडछाड केलेला बरा, अशी उलटी परिस्थिती आली. ‘अधिकृत ठिकाणाहून घ्या’ हा सल्ला नेहमी दिला जातो, पण तो कुठे अपुरा पडतो हेही लक्षात असू द्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. उदाहरणासाठी सिंकथिंग घेऊ. स्वीडनच्या याकोब बोर्ग यांनी २०१३ च्या अखेरीस तो प्रथम लोकांपुढे ठेवला. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि तुमच्या फाइली कुठल्या कंपनीच्या गोदामात जाऊन पडत नाहीत. तुमच्या एका संगणकावरचं फोल्डर दुसऱ्या संगणकावरच्या फोल्डरशी तो थेट जुळवून ठेवतो. दिवाळी अंकाचं काम करणाऱ्या छोट्या गटाला, किंवा पुण्यातली मुलगी आणि टोरांटोतला मुलगा मिळून घरचे जुने फोटो सांभाळत असतील तर त्यांनाही, तो उपयोगी आहे.

विंडोजवर त्याचं मूळ रूप म्हणजे एक झिप फाइल. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ हा आपल्या सवयीचा विधीच तिथे नाही. झिप उलगडायची, आतल्या फाइलवर दुहेरी क्लिक करायचं. एक काळी खिडकी उघडते आणि पाठोपाठ ब्राउझरमध्ये एक पान येतं. पत्ता असतो १२७.०.०.१ आणि पुढे ८३८४. पुष्कळ जण इथे बिचकतात. त्यांना वाटतं आपण कुठल्यातरी वेबसाइटवर गेलो. तो पत्ता आपल्याच संगणकाचा आहे, ते पान बाहेर कुणाला दिसत नाही. काळी खिडकी बंद केली की प्रोग्रामही बंद पडतो, म्हणून काही स्वयंसेवकांनी त्याच्याभोवती सोयीचे इन्स्टॉलर बांधले आहेत. सोय खरी, पण ते घेतले की विश्वास दोन ठिकाणी ठेवावा लागतो: मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांवर आणि इन्स्टॉलर बांधणाऱ्यावर.

झिपमधल्या फाइलवर क्लिक केल्यावर आधी कदाचित निळी पट्टी येईल: विंडोजने तुमच्या पीसीचं रक्षण केलं आहे. हा स्मार्टस्क्रीन. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो थेट विंडोजमध्येच आहे. तो पाहतो ते मुख्यतः प्रतिष्ठा: या फाइलीवर सही कुणाची, आणि आजवर ती किती जणांनी उतरवून घेतली. म्हणजे ‘हा चांगला आहे का’ असं विंडोज विचारत नाही, ‘याला किती जण ओळखतात’ असं विचारतं. प्रामाणिक पण छोट्या प्रकल्पाची आजच निघालेली आवृत्ती या परीक्षेत नापास होते, आणि लोकप्रिय झालेला लबाड पास होऊ शकतो. त्यातून आपल्याला सवय लागलेली. आपल्यापैकी कित्येकांनी संगणकाची ओळख एमएस-सीआयटीच्या वर्गात, विंडोजवर करून घेतली. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हापासून विंडोज दर वेळी पडदा काळवंडून परवानगी मागतं, आणि दर वेळी आपण ‘येस’ दाबतो. जो प्रश्न रोज विचारला जातो त्याचं उत्तर बोटं देतात, डोकं देत नाही.

मॅकवर सगळं देखणं. डीएमजी फाइल उघडायची, चिन्ह ओढून ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरवर सोडायचं, झालं. इथला पहारेकरी गेटकीपर, तोही २०१२ चाच. ॲपलचा हिशेब विंडोजपेक्षा सरळ आहे: प्रोग्राम करणाऱ्याने आमच्याकडे नोंदणी करावी, वर्षाला ९९ डॉलर भरावेत, सहीसाठी आमचं प्रमाणपत्र घ्यावं, २०१९ च्या कॅटालिनापासून तर प्रत्येक आवृत्ती आधी आमच्याकडे तपासणीला पाठवावी. मोकळ्या वेळात प्रोग्राम लिहून फुकट वाटणाऱ्याने ९९ डॉलर का भरावेत, याचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही. शिक्का नसलेला प्रोग्राम पूर्वी उजवी क्लिक करून उघडता येई. २०२४ च्या सेक्वोयात ती पळवाटही बुजवली; आता सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’पर्यंत जाऊन मुद्दाम परवानगी द्यावी लागते. गैरसोय आहे, पण मला ती पसंत आहे. निदान थांबून विचार तरी होतो.

या शिक्क्यावर किती विसंबावं? २०१६ च्या मार्चमध्ये घडलेली हकिगत जरा सविस्तर सांगतो, कारण ती बरोबर आपल्या विषयावरची आहे.

ट्रान्समिशन हा बिटटोरंट पद्धतीने फाइली देणारा-घेणारा, मॅकवाल्यांचा आवडता प्रोग्राम. मुक्तस्रोत, साधा, जाहिराती नाहीत. काझाच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. ४ मार्चला त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरची २.९० आवृत्तीची फाइल कुणीतरी बदलली. नव्या फाइलीत केरेंजर नावाचा खंडणीखोर दडवला होता. सही? होती. ॲपलने दिलेल्या वैध प्रमाणपत्राचीच होती, फक्त ट्रान्समिशनच्या नेहमीच्या लोकांची नव्हती. सही खरी आहे एवढं गेटकीपरने पाहिलं आणि दार उघडलं. आत शिरल्यावर केरेंजर तीन दिवस गप्प बसायचा. मग फाइली कुलूपबंद करून एक बिटकॉइन मागायचा, तेव्हाच्या भावाने सुमारे ४०० डॉलर. ही तीन दिवसांची शांतताच अनेकांच्या कामी आली. पालो आल्टो नेटवर्क्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना प्रकार कळला, ॲपलने ते प्रमाणपत्र रद्द केलं आणि ट्रान्समिशनने पाठोपाठ दोन नव्या आवृत्त्या काढल्या. त्यांतली दुसरी, २.९२, आत शिरलेल्याला हुडकून काढणारी होती. तोवर ती बाधित फाइल सुमारे साडेसहा हजार वेळा उतरवली गेली होती. मॅकवरचा हा पहिला पूर्ण चालता खंडणीखोर मानला जातो.

आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी तेच संकेतस्थळ पुन्हा फोडलं गेलं. या वेळी त्या २.९२ आवृत्तीच्याच फाइलीत कीडनॅप नावाचा, पासवर्ड चोरणारा प्रोग्राम निघाला.

ज्यांनी ती फाइल घेतली त्यांचं चुकलं काय? अधिकृत जागेवर गेले, शिक्का पाहिला, नेहमीसारखा प्रोग्राम बसवला. त्यांना दोष देता येणार नाही. पण एक गोष्ट दिसते. प्रमाणपत्र एवढंच सांगतं की सही करणारा कुणीतरी नोंदणीकृत आहे. आपल्याला हवा तोच तो आहे, असं ते सांगत नाही.

लिनक्सकडे वळू. इथली रीत मुळातच वेगळी आहे. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं तेव्हापासून एक कल्पना तिथे रुजत गेली: वापरणाऱ्याने प्रोग्राम शोधत गावभर फिरू नये. स्वयंसेवकांनी मूळ लिखाण घ्यावं, आपल्या यंत्रणेत बांधावं, सही करून एका भांडारात ठेवावं. तुम्ही फक्त नाव सांगायचं. डेबियन किंवा उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल सिंकथिंग’ एवढी एक ओळ लिहिली की काम झालं. वेबसाइट नाही, झिप नाही, निळी पट्टी नाही. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, तेव्हा तिथेही हीच रीत.

माझा कल या पद्धतीकडे आहे, लपवत नाही. मध्ये एक माणूस आहे ज्याने प्रोग्राम पाहिला, बांधला आणि त्याची जबाबदारी घेतली. किंमतही आहे: भांडारातली आवृत्ती बहुधा जुनी असते. ताजी हवी तर सिंकथिंगचं स्वतःचं भांडार जोडावं लागतं, त्याची सही तपासायची किल्ली आपल्या यादीत घालावी लागते, आणि मग आपण पुन्हा त्याच प्रश्नाशी येतो. शिवाय फ्लॅटपॅक आहे, स्नॅप आहे, ॲपइमेज आहे. लिनक्सवाल्यांना एका कामाला चार वाटा असल्याशिवाय चैन पडत नाही.

मध्यस्थही फसतो. २०२४ च्या मार्चअखेरीस आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या डेबियन यंत्रावर दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. कारण शोधता शोधता एक्सझेड या दाबणी-उलगडणीच्या साधनात पेरलेलं चोरदार सापडलं. पेरणाऱ्याने दोनएक वर्षं सज्जनपणे काम करून त्या प्रकल्पात हक्काची जागा मिळवली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचलं नव्हतं, म्हणून निभावलं. जुनी आवृत्ती वापरण्याची चेष्टा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आपल्याकडचं उदाहरणही घेऊ. शेअरइट आठवत असेल. फोनवरून फोनवर, फोनवरून विंडोजच्या पीसीवर सिनेमे, लग्नाचे व्हिडिओ, एमपीएससीच्या नोट्स, सगळं त्याच्यावरून जायचं. २०१६ च्या सुरुवातीला संशोधकांनी उघड केलं की त्याच्या विंडोज आवृत्तीत वायफाय हॉटस्पॉटचा पासवर्ड कायमचा ठरलेला होता, आणि तो होता १२३४५६७८. त्यावर दुरुस्ती आली. पुढे २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत शेअरइट होतं आणि तसंच फाइली पाठवणारं झेंडरही. बंदीचं राजकारण आज बाजूला ठेवू. मूळ ठिकाण बंद झालं की माणसं प्रोग्राम सोडून देतातच असं नाही. ती प्रत शोधू लागतात. ‘जुनं व्हर्जन, शंभर टक्के चालतं’ असं लिहिलेल्या पानावरून घेतलेली प्रत कुणी बांधली, हे सांगायला तिथे कुणीच नसतं. एकदाच चार फाइली पाठवायच्या असतील तर लोकलसेंड पाहा. मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स आणि दोन्ही प्रकारच्या फोनवर चालतो. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर असली की पुरे.

बसवून झालं की काम संपलं, असं मात्र नाही. विंडोजचा फायरवॉल विचारतो: या प्रोग्रामला खासगी नेटवर्कवर बोलू देऊ का, की सार्वजनिकवरही? घरचं वायफाय खासगी. एसटी स्टँडवरचं किंवा लॉजमधलं सार्वजनिक. खासगीवर टिकमार्क ठेवा, सार्वजनिकवरचा काढा. ही खिडकी लोक सर्वांत घाईने बंद करतात.

यानंतर येते जोडणी, आणि सिंकथिंग मला आवडतो तो इथे. प्रत्येक यंत्राला ५६ अक्षरांची ओळख असते, सात-सात अक्षरांचे आठ गट. माझी ओळख तुम्ही तुमच्याकडे घालायची, तुमची मी माझ्याकडे. दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय एक अक्षरही हलत नाही. फोल्डरसाठी पुन्हा वेगळी संमती. फोन लावून पहिला आणि शेवटचा गट एकमेकांना वाचून दाखवा, चोख काम होतं. एक धोका सांगून ठेवतो: हा बॅकअप नव्हे. इकडे खोडलं की तिकडेही खोडलं जातं. जुन्या आवृत्त्या राखायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे, आणि मदतीच्या पानांवर ती सहसा सापडत नाही. फाइलीचं नाव. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ मांडणीत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एक बाइट खातं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन. काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. म्हणजे ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. ‘दिवाळी अंक ललित विभाग पहिला लेख अंतिम दुरुस्त प्रत अंतिम नवीन संपादकांनी पाहिलेली आणि मुद्रणासाठी पाठवलेली’ असं नाव विंडोज आनंदाने घेतं, लिनक्स नाकारतं, आणि जोडणी तिथे अडून बसते. नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखा कोलन असेल तर उलट होतं: लिनक्स घेतं, विंडोज घेत नाही. आणि ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’ यांतला ऱ. युनिकोडमध्ये तो एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र खाली नुक्ता देऊन दोन चिन्हांतही. दिसायला सारखाच. जुन्या मॅकची फाइल-मांडणी नावं फोडून ठेवत असे, लिनक्स जशी दिली तशी ठेवतं. त्यामुळे एकाच नावाच्या भासणाऱ्या दोन फाइली शेजारी शेजारी बसलेल्या दिसू शकतात. सिंकथिंग हे आपण होऊन सावरायचा प्रयत्न करतो, सगळेच प्रोग्राम करत नाहीत. नावं छोटी ठेवा, विरामचिन्हं टाळा.

शेवटचा मुद्दा अद्ययावत करण्याचा. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या मीडॉक या हिशेबाच्या प्रोग्रामच्या अधिकृत अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम पसरला. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक होती विंडोजची स्वतःची फाइल-देवाणघेवाण. त्या फटीवरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो लावला नव्हता त्यांच्याकडे ही वाट उघडी राहिली. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरातली यंत्रणा कोसळली आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या त्या समूहाच्या टर्मिनलचं काम थांबलं. एका अपडेटने घात केला आणि दुसऱ्या अपडेटने काही जणांना वाचवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अपडेट बंद ठेवणं हा यावरचा उपाय नव्हे. जे प्रोग्राम लागत नाहीत ते काढून टाकणं हा आहे.

म्हणून या वाचनालयाला माझी एक विनंती आहे. इथे प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंद होते: कुठून आलं, कधी आलं, किंमत काय, आणि बाद झालं तर कधी व का. वरच्या मजल्यावरच्या संगणकांसाठी तशीच एक वही घाला. प्रोग्रामचं नाव, कुठल्या पानावरून किंवा भांडारातून घेतला, कुणी बसवला, तारीख, कुठल्या फोल्डरांना त्याचा हात पोचतो, आणि काढला तर कधी. शंभर पानांची वही काही वर्षं पुरेल. सुरुवात आधीपासून बसवलेल्या प्रोग्रामांच्या यादीने करावी. आणि ज्या प्रोग्रामपुढे ‘कुठून घेतला’ हा रकाना भरता येणार नाही, तो त्याच दिवशी काढून टाकावा.